दरबार आणि खानकाह : सूफींबद्दल थोडं सविस्तर

२०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून आपल्याकडे जो गदारोळ झाला, त्यात एक साधी गोष्ट जवळपास कुणीच बोललं नाही. ती कबर ज्या आवारात आहे ते आवार औरंगजेबाचं नाहीच. ते शेख झैनुद्दीन शिराजी नावाच्या एका सूफीच्या दर्ग्याचं आवार आहे, आणि हे शेखसाहेब औरंगजेबाच्या ३३८ वर्षं आधी वारले. कबर उखडा म्हणणाऱ्यांना त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं, हात लावून दाखवा म्हणणाऱ्यांनाही नव्हतं. चॅनेलवर चार-चार तास चर्चा झाल्या, पण खुलताबादला मुळात इतके दर्गे का आहेत आणि बादशहाला तिथेच का पुरलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

सूफी हा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेले पाठ म्हटले जातात. एक पाठ पुरोगाम्यांचा : सूफी म्हणजे प्रेम, कव्वाली, रूमीच्या नावाने फिरणारे सुविचार, मुसलमान खरा, पण कडवा नव्हे. दुसरा पाठ हिंदुत्ववाद्यांचा : सूफी म्हणजे हिरव्या कफनीतला धर्मांतराचा दलाल, फौजेच्या पुढे चालणारा. तिसरा पाठ मुसलमानांमधल्याच सुधारकांचा : कबरीवर चादरी चढवणं म्हणजे भेसळ, खऱ्या दीनात हे बसत नाही. या तिन्ही पाठांत बाराशे-तेराशे वर्षांची माणसं, त्यांची आपापसातली भांडणं, त्यांचे पैशाचे प्रश्न सगळं गायब होतं. मी या विषयावर जे थोडंबहुत वाचलंय त्यात मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती एका भांडणाची. राजाच्या किती जवळ जायचं? त्याचा पैसा घ्यायचा का? सूफींची ही आपसातली कुरबूर पहिल्या दिवसापासून आहे आणि ती शेवटपर्यंत मिटलेली नाही.

सुरुवात इराकातल्या बसऱ्यापासून करू. पैगंबरांनंतर अवघ्या तीस वर्षांत, ६६१ मध्ये, खिलाफत उमय्या घराण्याकडे गेली आणि दमास्कसला रीतसर दरबार भरू लागला. इजिप्तपासून इराणपर्यंतचा महसूल अरबांच्या हाती आला होता. ज्यांचे आजोबा खजूर आणि उंटिणीच्या दुधावर जगले त्यांच्या नातवांकडे महाल होते, गुलाम होते. हे बघून काही लोक अस्वस्थ झाले. हसन बसरी (मृत्यू ७२८) हे त्यांतलं मोठं नाव. ही माणसं भरजरी सोडून लोकरीचा जाडाभरडा अंगरखा घालत. लोकरीला अरबीत सूफ म्हणतात, त्यावरून सूफी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, शब्दाच्या मुळाशीच श्रीमंतीवरची नाराजी आहे. आणि हे लोक कुराणाबाहेर जात नव्हते, ते कुराण जास्तच मनावर घेत होते. रात्र-रात्र नमाज, उपास, मरणाची सतत आठवण. सूफी म्हणजे इस्लाममधली सूट-सवलत, हा समज इथेच मोडतो.

त्याच बसऱ्यात राबिया होऊन गेली. मृत्यू साधारण ८०१. ती गुलाम होती असं परंपरा सांगते. एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन ती निघाली. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लालूच आणि भीती सोडून देवावर प्रेम करतील, ही गोष्ट तिच्याच नावावर आहे. तिची बरीचशी चरित्रकथा आपल्याला अत्तारच्या लेखणीतून भेटते आणि तो तिच्यानंतर चारशे वर्षांनी झाला, हे लक्षात ठेवायला हवं. पण भीतीच्या धर्माला प्रेमाचं वळण देण्याचं श्रेय परंपरेने एका बाईला दिलं, हेही काही कमी नाही.

नंतर राजधानी बगदादला आली आणि तिथे दोन माणसं झाली. जुनैद (मृत्यू ९१०) व्यापारी घरातला, धर्मशास्त्र शिकलेला, शब्द तोलून बोलणारा. अनुभव कितीही मोठा असो, चारचौघांत शुद्ध हरपू द्यायची नाही, ही त्याची शिस्त. आणि दुसरा मन्सूर हल्लाज. तो बाजारात उभा राहून बोलायचा. ‘अनल हक’ म्हणाला म्हणून त्याला मारलं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. प्रत्यक्षात तो आठ-नऊ वर्षं कैदेत होता आणि अखेर २६ मार्च ९२२ ला त्याला मारण्यात आलं. लुई मासिन्यों या फ्रेंच अभ्यासकाने आयुष्यभर या खटल्याचे कागद उकरले. त्यातून दिसतं ते असं की बगदादमध्ये धान्याचे भाव कडाडून दंगे झाले होते, वजीर हामिद हा स्वतः महसुलाचा मक्तेदार होता, खलिफाच्या घरात हल्लाजचे चाहते होते आणि दरबारातले दोन गट एकमेकांच्या उरावर बसले होते. मक्केला जाणं जमत नसेल तर हजचा विधी घरी करता येतो असं हा शिकवतो, असा ठपका ठेवून काझीकडून निवाडा काढून घेतला गेला. धर्मद्रोहाचे खटले कसे उभे राहतात हे ज्यांनी आपल्या आयुष्यात पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

पुढचं नाव अबू हामिद गझाली. बगदादच्या निजामिया मदरशाचा मुख्य अध्यापक, म्हणजे त्या काळातली सर्वात मानाची नोकरी. १०९५ मध्ये त्याची वाचाच बंद झाली, वर्गात शब्द फुटेना. नोकरी सोडून तो निघाला आणि हेब्रॉनला इब्राहिमच्या कबरीपाशी त्याने शपथ घेतली की यापुढे कुठल्या सुलतानाच्या दारात जाणार नाही, सरकारचा पैसा घेणार नाही, वादसभेत उतरणार नाही. नंतर त्याने जो ग्रंथ लिहिला, इह्या उलूम अल-दीन, त्याने सूफी मार्गाला धर्मशास्त्राच्या मुख्य प्रवाहात पक्की जागा मिळवून दिली. हल्लाजनंतर जी भीती होती ती बरीच ओसरली. पण गंमत अशी की अकरा वर्षांनी वजिराच्या आग्रहापुढे मान तुकवून हेच गझाली निशापूरच्या सरकारी मदरशात पुन्हा शिकवायला गेले. शपथ मोडल्याबद्दल त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लांबलचक समर्थन दिलंय. मला ते पान फार मानवी वाटतं.

बाराव्या-तेराव्या शतकात सिलसिले उभे राहिले. कादिरी, सुहरावर्दी, चिश्ती, नंतर नक्शबंदी. पीर, त्याचा खलिफा, त्याचा मुरीद अशी रांग, आणि राहायला खानकाह. खानकाह म्हटलं की रोज शे-दोनशे माणसं जेवायला, आणि जेवायला घालायचं म्हणजे पैसा आला. तो कुठून आणायचा, यावरून हिंदुस्थानात दोन घराणी सरळ वेगळी झाली. मुलतानचे बहाउद्दीन झकरिया (मृत्यू १२६२) सुहरावर्दी. त्यांनी सुलतान इल्तुत्मिशकडून शेख-उल-इस्लाम हे पद घेतलं, कोठारं भरलेली ठेवली, त्याची लाज बाळगली नाही. त्यांचं म्हणणं असं की पैसा हातात असावा, मनात नसावा. चिश्ती याच्या उलट. अजमेरचे मोइनुद्दीन (मृत्यू १२३६), त्यानंतर अजोधनचे बाबा फरीद (मृत्यू १२६५) आणि दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५). यांचा नियम : जमीन घ्यायची नाही, वतन घ्यायचं नाही, दरबारात जायचं नाही. न मागता कुणी काही आणून दिलं तर ते घ्यायचं, त्याला फुतूह म्हणत, आणि ते साठवायचं नाही. आपल्या घराला दोन दारं आहेत, सुलतान एकातून आत आला तर आपण दुसऱ्यातून बाहेर पडू, असा निजामुद्दीनांनी निरोप धाडल्याची कथा प्रसिद्धच आहे.

कागदावर नियम चोख. पण व्यवहारात? निजामुद्दीनांचा लाडका मुरीद अमीर खुसरो हा पगारी दरबारी कवी. एका पाठोपाठच्या सुलतानांची स्तुती करून त्याचं घर चालायचं. दुसरा मुरीद अमीर हसन सिज्जी, तोही कवी, सुलतानाच्या नोकरीत. या हसनने १३०८ ते १३२२ अशी पंधरा वर्षं गुरूच्या बैठकींत बसून त्यांचं बोलणं टिपून ठेवलं. फवाइद-उल-फुआद हे ते पुस्तक. गुरूचं बोलणं तारीखवार लिहून ठेवायची मलफूजात ही जी पद्धत पडली त्यातला हा सगळ्यात विश्वासू नमुना. यात चमत्कार कमी आणि रोजचं बोलणं जास्त आहे. म्हणून इतिहासकाराला सोन्यासारखं.

निजामुद्दीनांनाही दरबार टळला नाहीच. आधीच्या सुलतानाने वाटलेली मोठी रक्कम गियासुद्दीन तुघलकाने परत मागितली, तेव्हा ती गोरगरिबांत कधीच वाटून टाकली असं त्यांनी कळवलं. मग संगीत ऐकणं शरियतीत बसतं का, यावर उलेमांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. ‘दिल्ली अभी दूर है’ची दंतकथा याच सुलतानाच्या मरणाशी जोडलेली आहे. ती किती खरी ते जाऊ द्या, पण लोकांना कुणाची बाजू घ्यावीशी वाटली ते त्यातून कळतं.

आता आपल्या घराकडे येऊ. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तिथे नेली. दिल्लीचे सरदार, काझी, कवी, सूफी सगळ्यांना चालायला लावलं. त्यात अमीर हसन होता आणि निजामुद्दीनांचे वृद्ध मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब होते. या बुऱ्हाणुद्दीनांची दिल्लीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हातारपणी हाडं दुखतात म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसायचे. कुणीतरी जाऊन गुरूच्या कानाला लागलं, की हे गादी घालून पीर व्हायला बसलेत. निजामुद्दीन एवढे रागावले की त्यांनी तोंड बघणं बंद केलं. शेवटी खुसरोने गळ्यात पागोटं अडकवून गुनहेगारासारखं गुरूसमोर उभं राहून रदबदली केली, तेव्हा प्रकरण मिटलं. घडी केलेल्या घोंगडीवरून एवढं रामायण! गादी या शब्दाला ही माणसं किती भीत होती बघा.

बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये वारले. वेरूळच्या लेण्यांपासून चार-पाच किलोमीटरवर, डोंगरावर, त्यांना पुरलं. त्यांच्या आधी त्यांचे भाऊ मुन्तजबुद्दीन, जे जर जरी जर बक्ष म्हणून ओळखले जातात, तिथेच दफन झाले होते. अमीर हसनही तिथेच आहे. गावाला तेव्हा रौजा म्हणत. खुलताबाद हे नाव औरंगजेबाच्या मरणोत्तर किताबावरून पडलेलं आहे, बरंच नंतरचं.

आता तो कळीचा प्रश्न : यांनी तलवारीच्या जोरावर बाटवाबाटवी केली का? यावर दोन अमेरिकन अभ्यासकांचं काम वाचायला हवं. रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर पुस्तक लिहिलं. त्यात दख्खनमधल्या अगदी सुरुवातीच्या सूफींना त्यांनी ‘लढवय्ये’ असं म्हटलं. कार्ल एर्न्स्ट यांनी नंतर खुलताबादचे फारसी कागद तपासले. त्यांचं म्हणणं, सातशे साथीदार घेऊन आलेल्या लढवय्या पिराच्या कथा पुढच्या शतकांत रचलेल्या आहेत. बुऱ्हाणुद्दीनांच्या शिष्यांनी त्यांच्या हयातीत टिपलेल्या मलफूजातमध्ये मोहीम नाही, लढाई नाही, हिंदूंचा उल्लेखही फारसा नाही. त्या बोलण्याचा विषय आपला : मन ताब्यात कसं ठेवावं, पाहुण्याला कसं वागवावं, कर्ज काढून दान करावं का. मला एर्न्स्ट पटतात. पण म्हणून पुरोगामी पाठ खरा ठरत नाही. ही माणसं देवगिरी जिंकणाऱ्या राज्याच्या पाठोपाठ आली, त्या राज्याने आणलेल्या वस्तीत राहिली, आणि यादवांचं राज्य गेलं याचं दुःख त्यांना झालं असेल असं मानायला कसलाही आधार नाही. जिंकलेल्या मुलखात चांगल्या वागणुकीचा विचार करणारी माणसं, असं त्यांच्याकडे बघितलं तर मला वाटतं आपण सत्याच्या जवळ जातो.

लोकांमध्ये इस्लाम मुरला तो बराच पुढे आणि वेगळ्या वाटेने. ईटन यांनीच एक सुंदर गोष्ट दाखवली. विजापूरच्या सूफी घराण्यांमधून दखनी भाषेत चक्कीनामा नावाची गाणी आली. चक्की म्हणजे जातं. बायकांनी दळताना म्हणायची, जात्याच्या खुंट्याला, पाळूला अल्ला-पैगंबराची रूपकं जोडलेली. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ज्याने ऐकल्या असतील त्याला हे समजावून सांगायला नको. दर्ग्याला जाणारी, नवस बोलणारी, पोराला आईच्या दुधाबरोबर चार नावं शिकवणारी बाई हीच इथली वाहक. यात फर्मान कुठे आलं? आणि हे एका पिढीत झालेलं नाही, शतकं लागली.

बरं, राजांचं काय? खुलताबादला बुऱ्हाणुद्दीनांच्या जागी आले झैनुद्दीन शिराजी. तेव्हा दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन झालं होतं. फिरिश्ता लिहितो की दुसरा बहमनी सुलतान मुहम्मद शाह उघड दारू पितो म्हणून झैनुद्दीनांनी त्याला मान्यता द्यायला नकार दिला. सुलतानाने शहर सोडायचा हुकूम काढला, तर हे उठून गुरूच्या कबरीपाशी जाऊन बसले. मला इथून उठवणारा कोण आहे तो येऊ दे, असा त्यांचा पवित्रा. शेवटी सुलतानच नमला आणि राज्यातली दारूची दुकानं बंद झाली. याच फिरिश्ताने आणखी एक गोष्ट दिली आहे. खानदेशच्या नसीर खान फारुकीने असीरगड घेतल्यावर झैनुद्दीन त्याला भेटायला गेले, जहागीर नाकारली, आणि त्याऐवजी तापीच्या दोन काठांवर बुऱ्हाणपूर आणि झैनाबाद अशी दोन गावं वसवायला सांगितली. अडचण एवढीच की नसीर खान गादीवर आला १३९९ ला, आणि झैनुद्दीन वारले १३६९ ला. गावांची नावं या दोन शेखांवरूनच आहेत. पण भेट राजाला हवी होती म्हणून ती झाली. संत मेला की तो फार सोयीचा होतो. तो ‘नाही’ म्हणू शकत नाही.

गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराज हे त्याच चिश्ती परंपरेतले, त्यांचे वडील खुलताबादलाच दफन आहेत. तैमूरच्या स्वारीच्या वेळी दिल्ली सोडून ते दक्षिणेत आले, बहमनी सुलतान फिरोजशाहाशी आधी गोडी, मग बिनसलं, आणि गादीच्या भांडणात त्यांनी फिरोजच्या भावाला, अहमदशाहाला, आशीर्वाद दिला. १४२२ मध्ये अहमदशाह सुलतान झाला. दर्ग्याला गावंच्या गावं इनाम मिळाली. शंभर वर्षांपूर्वी घोंगडीच्या घडीवरून भांडणारं घराणं! ईटन यांनी पुढच्या विजापूरकर सूफींच्या एका वर्गाला ‘जमीनदार सूफी’ असंच नाव दिलंय. वारसा शिष्याकडून मुलाकडे आला, साधनेची जागा सनदेने घेतली. आपल्या मठांचं आणि देवस्थानांचं पुढे काय झालं ते आठवा, फार वेगळं नाही.

मराठी मुलखाचं त्यांच्याशी नातं या सगळ्याच्या मधून गेलं. वेरूळचे मालोजी भोसले नगरच्या शाह शरीफच्या दर्ग्याला नवस बोलले आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादिरी परंपरेतले, आणि त्यांनी योगसंग्राम लिहिला तो मराठी ओवीत. ही उदाहरणं भाषणात वापरून-वापरून गुळगुळीत झालीत, म्हणून जास्त लिहीत नाही. खरी आहेत, एवढंच.

सूफी म्हणजे मवाळ, या समजाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण अलीकडे सरकारांनाही तो फार आवडतो. इराणमध्ये सफवी हा एक सूफी सिलसिलाच होता. त्याचा पीर शाह इस्माईल १५०१ मध्ये तलवारीच्या जोरावर बादशहा झाला, देश शिया केला, आणि पुढे याच घराण्याने इतर सूफी सिलसिले मोडून काढले. अकबर-जहांगीरच्या काळातले शेख अहमद सरहिंदी (मृत्यू १६२४) नक्शबंदी सूफी. हिंदूंशी कडक वागा असा आग्रह त्यांच्या पत्रांत आहे. उपनिषदांचं फारसी भाषांतर करणारा दारा शुकोह कादिरी सूफी. दोघेही तितकेच अस्सल. एकोणिसाव्या शतकात अल्जीरियात फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढणारा अमीर अब्दुल कादिर, कॉकेशसमध्ये रशियाशी लढून १८५९ ला शरण आलेला इमाम शामिल, लिबियात इटालियनांनी १९३१ ला फाशी दिलेला सत्तर वर्षांचा उमर मुख्तार, हे सगळे सूफी सिलसिल्यांतले. वसाहतवाल्यांच्या कागदांत सूफी म्हणजे धोकादायक धर्मवेडा असायचा. आज तोच ‘चांगला मुसलमान’ झालाय. सूफी बदलला नाही, फाईल लिहिणारा बदलला.

आणि मार कुणाचा खाल्ला म्हणाल, तर सगळ्यांचाच. १९२५ मध्ये अतातुर्कने तुर्कस्तानातल्या खानकाहांना कुलपं घातली, मागासलेपणाच्या नावाखाली. त्याच सुमारास सौदी राजवटीने मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट पाडले, धर्मशुद्धीच्या नावाखाली. २०१२ मध्ये टिंबक्टूला पिरांच्या समाध्या कुदळींनी फोडल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१७ ला सिंधमध्ये सेहवानच्या लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात, धमालच्या वेळी, बॉम्ब फुटला आणि ८० हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथला घंटानाद ठरल्यावेळी झाला, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

खुलताबादला मुघल बादशहांनीही सनदा दिल्या, पुढे निजामांनीही. पहिला निजाम असफजाह १७४८ ला वारला तो बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात पुरला गेला. औरंगजेब १७०७ ला अहमदनगरला मेला आणि त्याला झैनुद्दीनांच्या पायाशी आणलं. साधी, आभाळाखालची कबर असावी ही त्याची इच्छा. भोवतीची संगमरवरी जाळी कर्झनच्या काळात निजामाने बसवली. झैनुद्दीनांची परवानगी घ्यायचा प्रश्नच नव्हता.

या झैनुद्दीनांनी मरताना एक गोष्ट केली होती. त्यांनी कुणालाही खलिफा नेमलं नाही. गुरूकडून मिळालेला वारसा पुढे द्यायला लायक माणूस दिसला नाही म्हणून म्हणा, किंवा पुढे काय होणार याचा अंदाज आला म्हणून म्हणा. खुलताबादची ती गुरुपरंपरा १३६९ मध्ये तिथेच थांबली. त्यानंतर तिथे मुजावर आहेत, इनामाचे कागद आहेत, कोर्टकज्जे आहेत. गुरूंकडून झैनुद्दीनांना मिळाला असं मानतात तो पैगंबरांचा अंगरखा मात्र अजून त्या दर्ग्यात आहे. ईद-ए-मिलादला तो बाहेर काढतात. तो बघायला आसपासच्या गावांतून माणसं येतात, बायका पोरांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या असतात, आणि बादशहाची कबर त्याच आवारात एका बाजूला असते.